पाहुण्यांना रस्सा नाही

मासळीला पाणी लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या सिस्टरकडं एक उन्हाळा काढायला हवा होता. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालेलं, पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली, बाजारात सुकलेल्या वांग्यांशिवाय भाजी दिसायची नाही, आणि ही बाई दर रविवारी सकाळी दहा-बारा माणसांना समुद्राची मासळी खाऊ घालायची. तीही साडेसातला! त्या वेळी माणसं चहात बटर बुडवून खातात. सिस्टरच्या अंगणात त्या वेळी निखाऱ्यावर खारा बांगडा चरचरत असायचा.

वेड्या होत्या का? ओळखीतले निम्मे लोक ‘हाव, होत्या’ म्हणायचे. मी तीन वर्षं त्यांच्या घरात भाडेकरू होते. एकच अंगण, मध्ये आड, अलीकडं आमच्या दोन खोल्या, पलीकडं त्यांचं दार. एवढ्या जवळून बघूनही मला छातीवर हात ठेवून काही सांगता येत नाही. काही माणसं जवळून जास्तच गोंधळात टाकतात.

मूळच्या त्या औशाकडच्या. सगळी नोकरी मात्र रत्नागिरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून झाली आणि रिटायर झाल्यावर त्या परत आल्या. बोलणंही त्यामुळं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. ‘हाव’ आमचं आणि ‘गो’ तिकडचं. ‘लई ऊन हाय गो,’ म्हणायच्या आणि नवीन माणूस बघतच राहायचा की ही बाई नेमकी कुठली. नोकरी सुटली तरी पांढरे कॅनव्हासचे बूट सुटले नव्हते. लुगड्याखाली ते बूट, आणि छातीला पिनेनं अडकवलेलं उलटं घड्याळ. मी एकदा धीर करून विचारलं, ‘सिस्टर, तुमचं लग्न झालेलं का?’ म्हणाल्या, ‘झालं होतं थोडंसं.’ आता ह्याच्यावर माणसानं पुढं काय विचारायचं, सांगा!

त्यांच्याकडं खोली कशी मिळाली ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातच आहे.

नव्या जिल्ह्यात सगळ्यात मोठी टंचाई खोल्यांची होती. पाण्याचा नंबर दुसरा. नवी नवी ऑफिसं उघडली होती, मराठवाड्याच्या कोपऱ्या-कोपऱ्यातून कारकून आलेले, आणि गाव तेवढंच. मी कंधारची, नांदेडला टायपिंगची परीक्षा दिलेली, नुकतीच ऑफिसात चिकटलेली. आमचे हे विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर होते, तिथून पाटबंधारे खात्यातच बदली करून आले. लग्नाला सहा महिने झालेले. आठ दिवस आम्ही एका मंगल कार्यालयाच्या भांडी ठेवायच्या खोलीत काढले. मग कुणीतरी सिस्टरचा पत्ता दिला. खोल्या स्वच्छ, भाडं माफक, अंगणात कडुलिंब, आणि आडाला त्या दुष्काळातही हाताला लागेल एवढं पाणी.

सिस्टरच्या पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. आम्ही दोघांनी ती बघितली, आणि दोघांनी बघितली नाही असं दाखवलं.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, ‘खोल्या चांगल्या आहेत. पण आईला चालायचं न्हाई.’

आई म्हणजे माझी सासू. लोह्याजवळच्या खेड्यात राहायची, वीस एकर जमीन, शब्द खाली पडू द्यायची नाही.

‘मग?’ मी म्हटलं.

‘तिला सांगायचंच कशाला? नर्सबाईच्या घरी राहतो म्हणायचं. पाणी तेवढं आपण बाहेरून भरू. म्हंजे उद्या विचारलंच तर खोटं बोलायची पाळी नको.’

मी मान हलवली. सगळं नवऱ्यावर आणि सासूवर ढकलून मला मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. त्यांनी तसं म्हटल्यावर मलाही बरंच वाटलं होतं. बावीस वर्षांची, बी.ए. झालेली, चाळीसच्या वेगानं टाइप करणारी मी!

झालं. रोज सकाळी मी घागर घेऊन घरातल्या भरल्या आडाला वळसा घालायची आणि दोन गल्ल्या पलीकडं टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहायची. दुष्काळात! आमच्या गल्लीत बौद्धांची आणि मुसलमानांची घरं, ती सगळी सिस्टरच्याच आडावर भरायची. सगळ्या बाया पोहरे टाकत असायच्या आणि मी त्यांच्यामधून रिकामी घागर घेऊन बाहेर. सिस्टर आडाच्या कठड्याशी उभ्या असायच्या. मला बघून रोज एकच वाक्य म्हणायच्या.

‘लांब पडतो गो टँकर.’

‘हाव ना,’ मी म्हणायची. ‘पण ह्यांना आडाचं पाणी सोसत न्हाई. पोट बिघडतं.’

एक दिवस त्यांनी पोटाच्या बारा गोळ्या आणून दिल्या. ‘रोज एक, जेवणानंतर. आठ दिवसांनी आडाचं पाणी देऊन बघ.’ मी गोळ्या घेतल्या आणि ट्रंकेत टाकल्या. पंधरा दिवसांनी परत बारा. ‘फरक हाय?’ ‘न्हाई हो.’ परत बारा. ट्रंकेत साड्यांखाली गोळ्यांची पुडकी साठत गेली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता का त्या माझी फिरकी घेत होत्या, हे तेव्हा कळलं नाही, आताही कळत नाही. चेहऱ्यावर काही म्हणून दिसायचं नाही त्यांच्या. नर्सचा चेहरा तो, सुई टोचतानाही तसाच राहायचा.

आता त्या रविवारच्या जेवणांकडं येते.

उन्हाळा लागला की सिस्टर सुरू व्हायच्या, ते मृगापर्यंत. जेवण सकाळी, कारण दहानंतर अंगणात उभं राहवायचं नाही. ‘मासळी उन्हात सुकली, ती काय परत उन्हात खायची?’ असं त्यांचं म्हणणं. मासळी सुकीच. सुकट, बोंबील, खारा बांगडा. रत्नागिरीच्या एक जुन्या नर्स महिन्याला करंडी भरून एस.टी.नं धाडायच्या, आणि सिस्टर ती आणायला स्टँडवर जायच्या. कंडक्टर नाकाला रुमाल लावून करंडी खाली द्यायचा. एकदा एक जण म्हणाला, ‘बाई, गाडीला वास लागला.’ सिस्टर म्हणाल्या, ‘तुमच्या गाडीला आधीचा जो होता त्यापेक्षा बरा हाय,’ आणि करंडी डोक्यावर घेऊन चालू लागल्या.

त्यांचं रांधणं बघण्यासारखं होतं. सुकट चाळणीत घालून इतकी चाळायच्या की वाळूचा कण राहायचा नाही, मग कोरड्या तव्यावर खमंग भाजायच्या, वरून चिरलेला कांदा, तिखट, शेंगदाण्याचा कूट. बोंबलाचं डोकं-शेपूट मोडून, फडक्यानं पुसून, निखाऱ्यावर भाजून लसूण-मिरचीबरोबर पाट्यावर ठेचायच्या. खारा बांगडा नुसताच निखाऱ्यावर, वरचं मीठ झटकून. एक थेंब पाणी नाही. खारट लागला तर म्हणायच्या, ‘भाकरी जास्त खा.’ बांगडा टाकला की त्याच्या पोटावर दोन बोटं दाबून त्या छातीवरच्या घड्याळाकडं बघत राहायच्या.

‘काय बघताय सिस्टर?’

‘नाडी.’

‘मेलेल्या माशाची?’

‘मेलेल्याचीच बघावी लागते गो. जिता माणूस आपली बोंब आपण मारतो.’

हसायचं की गप्प बसायचं हेच कळायचं नाही. बांगडा मात्र असा उतरायचा की काट्याला मांस राहायचं नाही. मी कंधारची, नदीतला मासा सोडून काही माहीत नव्हतं. त्या अंगणात मला समुद्राची चव लागली ती लागलीच.

जेवायला कोण? दवाखान्यातले दोन-चार लोक, माझ्या ऑफिसातल्या दोघी, एक रिटायर मास्तर, आणि आम्ही दोघं. सगळे बाहेरच्या गल्ल्यांतले, सगळ्या जातींचे. आणि नियम एकच, दर शनिवारी घरोघर सांगून यायच्या: ‘मासळी माझी. भाकरी आपली आणायची, पाणी आपलं आणायचं.’ त्यामुळं अंगणात पंगत बसायची ती प्रत्येकाच्या पुढ्यात आपापलं भाकरीचं फडकं आणि उजव्या हाताला आपापला तांब्या. सिस्टर मधून मासळी वाढत जायच्या. पाणी म्हणून त्या कुणाला द्यायच्या नाहीत. मास्तरांना एकदा मिरचीचा ठसका लागला, डोळे पांढरे व्हायची वेळ आली, त्यांचा तांब्या संपलेला. सिस्टरनी शेजारच्याचा तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला, स्वतःचा आड सहा पावलांवर असताना.

दुष्काळ आहे, पाणी वाचवतात, असं मी म्हणायची. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणायचा, ‘चिंगूस हाय म्हातारी.’ आमचे हे म्हणायचे, नर्स आहे, जंतूंची भीती. सगळ्यांची आपापली कारणं होती आणि सगळे मिटक्या मारत खात होते.

पण एक गोष्ट मला खुपायची. सिस्टर रोज दुपारी स्वतःपुरता बोंबलाचा रस्सा करायच्या. जर्मनच्या छोट्या पातेल्यात, चिंच घालून आणि आपलं येसर लावून. येसर म्हणजे आमच्याकडचं भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ. ते मासळीला लावलेलं कोकणातल्या बाया बघतील तर तोंडात मारतील. पण वास! सुट्टीच्या दिवशी दुपारी तो वास माझ्या खोलीत यायचा आणि मी वरण-भातापुढं बसून उगीच चिडायची. त्यात भर म्हणजे शेजारच्या चाचीला भिंतीवरून वाटीभर रस्सा जायचा. माझं दार समोर, आणि वाटी जायची भिंतीवरून!

एकदा विचारलंच. ‘सिस्टर, रविवारी रस्सा का करत न्हाई तुम्ही?’

‘पाहुण्यांना रस्सा नसतो.’

‘का?’

‘नसतो.’

चाचीला विचारलं तर ती हसली. ‘मैं क्या पाहुनी हूँ, बेटा?’ मला वाटलं, भाडं देणाऱ्या भाडेकरणीपेक्षा ही जास्त जवळची झाली होय! आठ दिवस मी सिस्टरशी धड बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. ‘लांब पडतो गो टँकर’ मात्र रोज चालू होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात, ऐन वैशाखात, ते घडलं.

हे कामावर फिरतीला गेले होते, शनिवारी येणार होते. तो गुरुवार. मी ऑफिसात टाइप करत होते. दुपारचे बारा वाजलेले, बाहेर कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. मान वर केली तर दारात सिस्टर. कॅनव्हासचे बूट धुळीनं लाल, पदर डोक्यावर, तोंड तांबडंबुंद झालेलं. त्यांच्या घरापासून ऑफिस दीड मैल तरी होतं आणि त्यांचं वय साठीच्या पुढं.

‘काय झालं सिस्टर? ह्यांना काही?’

‘पाहुणे आलेत. चल.’

एवढंच. मी साहेबांना सांगून निघाले. रस्त्यानं त्या माझ्या पुढं, तरातरा. मी मागून पळत विचारतेय, ‘कोण पाहुणे?’

‘तुझी सासू.’

‘अगं बाई! पत्र न्हाई, काही न्हाई... कधी आल्या?’

‘तास झाला.’

‘खोलीला तर कुलूप आहे. कुठं बसल्यात?’

‘माझ्या ओट्यावर.’

‘पाणी-बिणी दिलं ना?’

सिस्टरच्या चालण्याचा वेग तेवढा वाढला.

घरी पोचले तर सासू ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली. लोह्याहून दोन गाड्या बदलून आलेली, ओठ कोरडे पडलेले, पदरानं वारा घेत होती. मला बघितल्याबरोबर तोंड सुटलं.

‘ये बाई, ये! हितं मरून पडले असते मंग आली असतीस. ही कोण गं, गो गो करनारी? पानी मागितलं तर न्हाई म्हनली! दारात आड अन् पानी न्हाई! वर म्हनते कशी, थांबा, सून येऊ द्या. अन् गेली निघून.’

मी कुलूप काढलं, माठातलं पाणी आणून दिलं. सासूनं तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. ते बघून माझ्या अंगाची आग झाली. जन्मभर दवाखान्यात लोकांच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलेली ही बाई, आणि भर उन्हात आलेल्या म्हातारीला पाणी देत नाही! मी तशीच उठले. सिस्टर आडाच्या कठड्याला धरून दम खात उभ्या होत्या.

‘सिस्टर, कसल्या हो तुम्ही माणूस! अहो वैऱ्याला पाणी देतात लोक. ती मेली असती तर?’

‘मेली नसती. मी नाडी बघितली होती निघताना.’

‘नाडी बघितली? आणि पाणी न्हाई दिलं? शेजारून तरी आणायचं!’

‘शेजारून कुठनं? ही सगळी घरं माझ्याच आडावर भरतात.’

‘मग तुमच्या आडाचंच द्यायचं!’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहरा तोच, सुई टोचतानाचा.

‘दिलं असतं. आन् संध्याकाळी तिला कळलं असतं की कुणाचं पाणी प्याली, तर तुझं काय झालं असतं? ती गावाकडं गेली असती, तू हितं रडत बसली असतीस. मला कशाला पाप?’

‘पण तुम्हाला कुणी सांगितलं की तिला...’

‘तूच.’

‘मी? मी कधी?’

‘रोज सकाळी सांगतेस की. घागर घेऊन जातेस तेव्हा.’

त्या क्षणी आडात उडी घ्यावी असं वाटलं, आणि आडही त्यांचाच. वर्षभराच्या गोळ्या, पोटाचं निमित्त, टँकर, तांब्ये, भाकरीची फडकी, कोरडा बांगडा, सगळं एकदम डोक्यात गोळा झालं. मासळीत पाण्याचा थेंब नसायचा, भाकरी आमची, तांब्या आमचा. त्यांच्या घरचं पाणी कुणाच्या ताटात जाऊ नये आणि कुणाला तसं म्हणायलाही लागू नये, असं ते जेवण होतं? म्हणजे ती आमची सोय होती, की आम्हाला दिलेली चपराक? आणि आम्ही दुष्काळाचं नाव घेऊन पंगतीला बसत होतो. मला हुंदका आला. रडायचं कशाबद्दल तेही नीट कळत नव्हतं.

तेवढ्यात मागून सासूचा आवाज. ओट्यावरून सगळं ऐकत होती.

‘काय गं, माझ्या नावानं काय चाललंय? मला काय कळलं असतं संध्याकाळी?’

माझी नजर सिस्टरच्या उघड्या दारातून आत गेली.

‘ती भिंतीवरली तसबीर? ती मला बसल्या जागेवरून दिसून राहिली की! तास झाला तिच्याकडंच बघून राहिले. डोळे फुटले न्हाईत माझे. बघूनच मागितलं म्या पानी.’

‘पण आत्याबाई,’ मी कसंबसं म्हटलं, ‘हे म्हणाले होते की आईला चालणार न्हाई...’

‘चालतंय का न्हाई ते मला इचारलं व्हतं का कुनी? माझं नाव सांगून टँकरला जातीस व्हय गं! तहान मला लागली, अन् ठरवनार तुमी?’ मग सिस्टरकडं वळून म्हणाली, ‘अन् तू बी बाई शिकल्याली असून अशी कशी! मागितलं की द्यावं. मान्सानं मागितल्यावर सुनेला इचारायला जात्यात व्हय?’

सिस्टरनी पोहरा सोडला. पाणी वर आलं, सासू उठून आली, ओंजळ केली आणि प्याली. माझ्या माठातलं तांब्याभर पोटात असताना परत प्याली.

आता इथं सासूला डोक्यावर घेऊन नाचावं, तर तेही मला जमत नाही. हीच माझी सासू गावाकडं सालगड्याला वरून पाणी ओतते, चार बोटांचं अंतर ठेवून, हे मी डोळ्यांनी बघितलेलं. पुढंही बघितलं. मग त्या दिवशी काय झालं होतं तिला? मी एकदा विचारलंही. म्हणाली, ‘तहान लागली व्हती. दुसरं मला ठाव न्हाई.’ गावी परत गेल्यावर तिनं तिथं काय सांगितलं, आंघोळ करून घरात गेली की तशीच, मला माहीत नाही आणि विचारायची माझी हिंमतही झाली नाही.

ती रविवारपर्यंत राहिली. शनिवारी हे फिरतीवरून आले आणि आईला बघून पांढरे पडले. त्यांना जे ऐकायला लागलं ते त्यांनी खाली मान घालून ऐकलं. पण माणसाची सवय! रविवारी सकाळी पंगतीला निघाले, ते हातात नेहमीसारखा भरलेला तांब्या घेऊनच.

मी रिकाम्या हातांनी गेले. भाकरी नाही, तांब्या नाही. समोरच्या दारापर्यंत दहा पावलं, पण परीक्षेला निघाल्यासारखं वाटत होतं. सिस्टरनी माझ्या हातांकडं बघितलं.

‘पाणी?’

‘न्हाई आणलं.’

‘भाकरी?’

‘न्हाई.’

काही तरी चांगलं बोलतील, निदान हसतील, असं मला वाटलं. एवढं मनाशी ठरवून आलेली मी! त्या म्हणाल्या, ‘मग उभी काय राहिलीस? दोन घागरी ओढ आडातनं. आत परात हाय, पीठ मळ. मला एकटीला किती पुरं पडायचं?’

मी पाणी ओढलं. पहिल्यांदा त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. भाकरी थापल्या. त्यांनी मोठं पातेलं चढवलं, बोंबलाचे तुकडे गरम पाण्यात टाकून काढले, लसूण परतला, चिंचेचा कोळ, येसर, तिखट, आणि वरून मी ओढलेलं पाणी. ‘ओत अजून. ओत गो, हात का आखडतेस?’ सासू उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती आणि येसरात धने कमी पडलेत म्हणून वाद घालत होती. सिस्टरनी ऐकून घेतलं, धने टाकले नाहीत.

बाहेर पंगत बसली. तांब्ये, भाकरीची फडकी, बांगडा, सुकट, सगळं नेहमीसारखं. मी रश्शाचं पातेलं आतल्या दाराशी ठेवलं, तिथं तीन ताटल्या मांडल्या. वास गेला आणि पंगत माना वळवून बघायला लागली.

‘आज रस्सा आहे का सिस्टर?’ मास्तर म्हणाले.

‘हाय.’

‘मग येऊ द्या की इकडं!’

‘पाहुण्यांना नसतो,’ सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात बांगडा वाढला.

आमच्या ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, मग स्वतःच्या तांब्याकडं. सासू भाकरी कुस्करून रश्शात भिजवत होती, तिनं मान वर केली नाही. त्या दिवशी त्यांना रस्सा मिळाला नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण वाढायला मी उठले नाही.

रस्सा कसा होता ते मला सांगता येणार नाही. नाक-डोळे वाहत होते. मिरचीनं का आणखी कशानं, देव जाणे.

लोक गेल्यावर मी हात धुवायला उठले, तर सिस्टर म्हणाल्या, ‘कुठं निघालीस? भांडी घास.’

‘मी?’

‘मग कोण? पाहुण्यांनी घासायची?’

सगळी भांडी मी एकटीनं घासली, राखेनं, कोरडीच, वरून फक्त एक हात पाणी फिरवून. सासू ओट्यावर आडवी झाली होती. सिस्टर कडुलिंबाखाली बूट काढून बसल्या होत्या आणि घड्याळाला किल्ली देत होत्या. मला वाटलं, आता तरी बोलतील. इतके दिवस मनात काय होतं, राग होता का, माफ केलं का. काही नाही. ‘परातीचा काठ राहिला गो,’ एवढंच.

सोमवारी टँकरला गेले नाही. ऑफिसात टाइप करायला बसले तर बोटांना वास. साबणानं दोनदा हात धुतले तरी जाईना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नाक वर केलं. ह्या बाई रविवारी यायच्या नाहीत, आणि मी कुठं राहते हे दोनदा विचारूनही मी त्यांना गल्लीचं नाव कधी सांगितलं नव्हतं.

‘काय हो, बोंबील खाल्ले का काय काल? कुणाकडं?’

मी टाइप करत होते. बोटं थांबली नाहीत.

‘कुणाकडं न्हाई,’ मी म्हटलं. ‘आमच्या घरी केला होता रस्सा.’